सावडीतला बैल

शिवळ एका अंगाने झिजली होती. उकंडाने ती बोटांत फिरवून पाहिली, अंगठ्याने टोक चाचपलं, पुन्हा फिरवली. जुवातून खाली उतरणारी, बैलाची मान बाजूने अडवून धरणारी ही लाकडी खुंटी. चांद्याच्या बाजूची नेहमी झिजायची, मोऱ्याच्या बाजूची तशीच्या तशी राहायची. चांद्या चालताना मान आत दाबायचा, मोऱ्याला खेटून चालायचा. तुळसा म्हणायची, ते दोघं बोलतात चालता चालता... "आन् तुमी दोघं? तुमी न् नेमसिंगभाऊजी एका धुऱ्यावर बसता, तरी तोंडातून शब्द नाही काढत. बैलायकडून शिका काही."

तो थांबला. आता काही होईल असं त्याला वाटलं. छातीत, घशात, कुठंतरी. तिचा आवाज इतका स्वच्छ आला होता की काहीतरी व्हायलाच हवं होतं. काही झालं नाही. अंगणातून एखादी कोंबडी जावी तसं ते बोलणं डोक्यातून चालत गेलं आणि पलीकडे दिसेनासं झालं. त्याने बाभळीचा तुकडा पुढे ओढला आणि कुऱ्हाडीने नवी शिवळ तासायला घेतली.

थंडीत गेली तुळसा. ताप आला, उतरला, पुन्हा आला, मग बरळणं सुरू झालं आणि एका सकाळी... आता ऊन तापायला लागलं होतं, वखरणीचे दिवस आले होते, पोरगी जया केळापूरहून येऊन, राहून, परत सासरी गेली होती. चुलीचा कोपरा त्याने आपल्या हाताने सारवला होता, वाकडातिकडा, बोटांचे फराटे तसेच. सगळं होत होतं. भूक लागत होती, झोप येत होती. लोक म्हणत, उकंडानं सोसलं बाप्पा. तो ऐकून घ्यायचा. सोसायला काही लागलंच नाही, हे कोणाला सांगायचं? कधी कधी वखराची धारदार पास पायाला लागते आणि कामाच्या नादात घरी येईपर्यंत कळत नाही. तसं असेल म्हणावं, तर घरी येऊनही आता कितीतरी दिवस झाले.

आज पाळी त्याची होती. नेमसिंगचा एक बैल, त्याचा एक. एका बैलाने वखर चालत नाही, म्हणून सावड: एक दिवस जोडी या रानात, एक दिवस त्या रानात, आणि ज्याची पाळी त्याने दोन्ही बैलांचं चारापाणी बघायचं. चांद्याच्या आधी नेमसिंगकडे दुसरा बैल होता, मोऱ्याच्या आधी उकंडाकडे दुसरा. बैल बदलले, सावड तीच राहिली. नेमसिंग नाल्यापलीकडच्या तांड्यातला, लभाणी माणूस. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले, आणि त्याच्या वाट्याला हे नाल्याकाठचं रान आलं, उकंडाच्या रानाला लागून. मधला बांध, धुरा, एक. जू एक. पाणी वेगळं. नेमसिंग आपला पाण्याचा तुंबा घरून घेऊन यायचा आणि उकंडा तांड्यात गेला तर नेमसिंगची बायको बिजलीबाई वरून पाणी सोडायची, तो ओंजळीने प्यायचा. कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. फक्त तुळसा म्हणायची. पाळीच्या दिवशी चांद्या दारात आला की ती आपल्या घंगाळात त्याला पाणी द्यायची, आणि तो सगळं घंगाळ चाटून पुसून प्यायचा, मग ती निंबाखाली उभ्या असलेल्या नेमसिंगला ऐकू जाईल अशी बोलायची, "पाहा भाऊजी, तुमच्या घरचा हा एकलाच समजदार हाये. आमच्या हातचं पेते." नेमसिंग हसायचा. मिशीतल्या मिशीत. जवळ यायचा नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्ती नागपूरला जाऊन आली. चालत, गाडीने, मिळेल तशी. परत आल्यावर देव्हारे रिकामे केले, आणि समाजाच्या बैठकीत ठरलं की मेलेलं ढोर यापुढे ओढायचं नाही. ज्याचं ढोर त्याने पुरावं. सगळ्यांनी हात वर केले, उकंडानेही केला. मग गाव बिनसलं. पाटलाच्या रानात वस्तीच्या बायांना कापूस वेचायला येऊ देईनात, बांधावरचं गवत कापू देईनात, दुकानदार सौदा देईना. बाया सरपणाला लांब जंगलात जायच्या, तुळसाही जायची, पहाटे जाऊन उन्हं कलताना यायची. सगळं गाव तुटलं तेव्हा एका सकाळी निंबाखाली घंटी वाजली. चांद्याला घेऊन नेमसिंग उभा होता, पाळी होती म्हणून. एक शब्द बोलला नाही. उकंडाही बोलला नाही. जोडी जुंपली आणि दोघं रानात गेले.

तो माझ्यासाठी आला होता, की एका बैलाने वखर चालत नाही म्हणून? उकंडाने तेव्हा हे स्वतःला विचारलं नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती.

ऊन अंगणात उतरलं तरी घंटी वाजली नाही.

नेमसिंग आला तो मोकळ्या हाताने. लाल फेटा डोक्यावरून काढून काखेत धरलेला. निंबाखाली येऊन उभा राहिला. वस्तीच्या तोंडाशी, नेहमीच्या जागी. उकंडा शिवळ हातात घेऊनच त्याच्याकडे गेला.

"चांद्या गेला," नेमसिंग म्हणाला.

"कोठी गेला?"

"कोठी जाईन गा! मेला."

उकंडा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"दावं तोडलं त्यानं. खालच्या रानात ज्वारीच्या धसकटाले कोवळे फुटवे आले हायेत ना, परवाच्या शितोड्यानं... ते खाल्ले. मी सकाळी पाह्यलं तं फुगून पडला होता. डोळे उघडेच."

ते फुटवे म्हणजे विष, हे लहान पोरांनाही ठाऊक. चांद्यालाही ठाऊक असावं असं उकंडाला उगीच वाटलं. तो म्हणाला, "त्याचीच शिवळ करून राह्यलो होतो."

नेमसिंगने शिवळेकडे पाहिलं. मग निंबाच्या बुंध्याकडे पाहत बोलू लागला. "तांड्यातले मनून राह्यले, राळेगावच्या चामडेवाल्याले सांग. तो येईन, सोलन, घेऊन जाईन. मी नाही मनलं. मी पुरतो त्याले. माह्या रानात, धुऱ्यापाशी."

"पूर ना."

"खड्डा मी खंदतो. पण ओढाले एकट्यानं होत नाही गा." तो थांबला. "मोऱ्याले घेऊन ये. तू न् मोऱ्या. बाकी कोणी नको."

"तांड्यातलं कोणी येत नाही?"

"हात नाही लावत. तांड्याचा नायक मने, ज्यायचं काम होतं त्यायनं सोडलं, तं आपुन धराचं काय?" नेमसिंग हसल्यासारखा झाला. "भावकी अशी असते पाहा. पंगतीले सारी, ढोराले कोणी नाही."

"वस्तीचं ठरलं हाये, नेमसिंग."

"मले मालूम नाही काय? मी ढोर ओढाले माणूस पाहून नाही राह्यलो. सावडीवाल्याले बोलावून राह्यलो. अर्धा तं तुहा होता तो." त्याचा आवाज जरा फाटला. "माणसासारखा होता गा. माणसासारखी माती देऊ त्याले."

"माह्या घरचं माणूस गेलतं," उकंडा म्हणाला, "तवा तू बाभळीखाली उभा होता."

हे आपण बोललो हे त्याला ऐकू आल्यावर कळलं. आवाजात राग नव्हता. आज वार कोणता, असं विचारावं तसं ते निघालं होतं.

"होतो उभा," नेमसिंग म्हणाला.

"माती नाही देल्ली."

"कोणी बोलावलं नाही." मग फेटा या काखेतून त्या काखेत घेत, "मले वाटलं, तुमचं आता नवीन हाये. बाहेरचा चालते का नाही चालत, कोणाले पुसू? सारे हात जोडून उभे होते. मी बी जोडले, तथूनच. चांद्या संग होता, कासरा हातात... एका हातानं कसे जोडाचे? मनगटाले गुंडाळला कासरा न् जोडले."

हे खरं असेल. किंवा आत्ता, इथे उभ्या उभ्या, त्याला सुचलं असेल. दोन्ही असेल. उकंडाला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. इतक्या वर्षांत आपण या माणसाचा चेहरा बाजूनेच पाहिला, वखरावर असताना, धुऱ्यावर बसताना... समोरून फार नाही.

"दिवस बुडाच्या आत झालं पाह्यजे," नेमसिंग म्हणाला. "ऊन हाये. वास सुटन." आणि वळून नाल्याकडे चालू लागला.

उकंडा ओसरीवर येऊन बसला. मोऱ्या खुंट्याला उभा होता. पुढ्यात कडबा तसाच. मान वाकडी करून एका बाजूला बघत होता, ज्या बाजूला नेहमी चांद्या असतो त्या बाजूला. का मलाच तसं वाटतं? बैल कुठेही बघतो.

बाभळ. त्या दिवशीही पाळी उकंडाचीच होती, म्हणून नेमसिंग चांद्याला घेऊन आला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. निंबाखाली माणसं बघून थबकला. मग मयत निघाली तेव्हा मागे मागे, लांबून, बैल धरून नाल्यापर्यंत आला आणि बाभळीखाली थांबला. वस्तीच्या माणसांनी सगळं केलं. खांदा दिला, खड्डा केला, पांढरं कापड कोणी आणलं ते उकंडाला आजवर ठाऊक नाही. त्याला कशालाच हात लावावा लागला नाही. आपली माणसं अशी असतात. ती तुळसासाठी आली होती, की आपल्यातली एक गेली म्हणून? दुसरी कोणी असती तरी आली असती, तेवढीच आली असती. हे चांगलंच ना? मग ते टोचतं कशाला?

आणि कोणी रडलं नाही.

शेजारची म्हातारी रुखमाबाई, जी वस्तीतल्या प्रत्येक मयतीत रडलेली, तिने माती पडायला लागल्यावर जुना हेल धरला होता. "माय वो, कोण्या देवानं नेली वो..." आणि भीमराजने हात वर केला. भीमराज वस्तीतला शिकलेला पोरगा. यवतमाळला राहून आलेला, बैठकी घेणारा, वंदना सांगणारा. त्याने हात वर केला आणि रुखमाबाई गप झाली. मग त्याने बुद्धं सरणं सुरू केलं, सगळ्यांनी हात जोडले, उकंडानेही जोडले. जयाने पदर तोंडाशी दाबून धरला होता. कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. उकंडाने सगळ्यांकडे पाहून घेतलं होतं. मान न हलवता, चोरून. देव गेले होते, पिंड गेला होता, कावळ्याची वाट बघणं गेलं होतं. तसं हेही गेलं असेल. नव्या धर्मात रडायचं कसं ते अजून ठरलं नसेल, किंवा ठरलं असेल आणि आपण त्या बैठकीला नसू. तो हात जोडून उभा राहिला, आणि जे वर येत होतं ते थांबलं. मग ते पुन्हा आलंच नाही.

आधी तसं नव्हतं त्याचं. बाबासाहेब गेल्याची खबर आली त्या दिवशी वस्तीत चूल पेटली नाही, एक छप्पर पेटलं की शेजारचं पेटावं तसं रडणं घराघराला लागत गेलं, आणि उकंडा, ज्याने बाबासाहेबांना लांबूनसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, जमिनीवर डोकं आपटत रडला होता. तुळसाने त्याला धरून ठेवलं होतं. स्वतः रडत रडत धरलं होतं. म्हणजे रडता येत होतं मला. तेव्हा येत होतं.

"काय रे उकंड्या!" रुखमाबाई अंगणात आली. हातात फडक्यात बांधलेली भाकर. "तो लभाणी कायले आलता? मोकळ्या हातानं आला मनते सारी वस्ती."

"चांद्या मेला, माय."

"आं?" ती मटकन ओसरीच्या कडेला बसली. "अरे माह्या बाप्पा... आता वखर?"

तिच्या मागोमाग भीमराज आला. बातमी त्याला आधीच लागली होती. वहाणा बाजूला काढून तो ओसरीखाली उभा राहिला.

"मामा, बोलावलं काय तुमाले?"

"हाव."

"जाता?"

"माहीत नाही."

भीमराज बैठकीत बोलायचा तसा शांतपणे बोलला, "ज्याचं ढोर त्यानं पुराव. आपुन सारे मिळून ठरवलं ना."

"सावडीतला बैल अर्धा आपला धरतेत, भीमराज."

"अर्धा कोणता मामा? पुढचा का मागचा?"

"मागचाच असन," रुखमाबाई म्हणाली. "शेण काढाले."

भीमराज हसला नाही. "मले एक सांगा मामा. मोऱ्या मेला असता, तं नेमसिंग आला असता दोर धराले?"

उकंडाने मोऱ्याकडे पाहिलं. मोऱ्या मेला असता तर... तर मी नेमसिंगला बोलावलंच नसतं. निंबापर्यंत सुद्धा गेलो नसतो. वस्तीच्या चार माणसांनी मोऱ्याला पुरलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मी नेमसिंगला सांगितलं असतं, मोऱ्या गेला. तो आला असता की नाही हे कळायची वेळच आली नसती.

"नाही सांगता येत," तो म्हणाला.

"आज तुमी मनान, दोस्तीखातर ओढला. उद्या पाटील मनन, दोस्तीखातर ओढते तं गावाखातर काहून नाही? याच्यावरून उपास काढले मामा वस्तीनं. लेकरं उपाशी झोपले. तुळसामामी कोठून कोठून मोळी आणे..."

"तिचं नाव नको काढू तू," रुखमाबाई एकदम म्हणाली. "तिच्या मातीले मले रडू बी नाही देल्लं."

"मी?"

"हात नाही वर केला तुनं?"

"ते गाणं थांबवलं माय मी. कोण्या देवानं नेली न् काय न् काय. आपुन देव सोडले ना? रडाले कोण मना केली?"

"मंग सारे गप काहून होते?"

"मले काय मालूम!" भीमराजचा बैठकीतला आवाज गेला. "मले वाटलं... मामा रडत नाही, जया रडत नाही. मनलं, यायच्या घरचं हाये, यायले नाही रडाचं. मग म्या कसं रडाव यायच्यासमोर? माय मेली तवापासून मामीनं भरवलं मले. मी घरी जाऊन..." तो पुढे बोलला नाही.

"मी बी घरीच रडली," रुखमाबाई म्हणाली. "दार लावून. मनलं कोणी आयकन."

दोघांनी उकंडाकडे पाहिलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मले वाटलं, आता रडाचं नसते," तो म्हणाला.

"कोणी सांगतलं?"

"कोणी नाही."

मोऱ्याने शेपटीने माशी उडवली. मग रुखमाबाईने कपाळाला हात लावला. "पाहा बाप्पा. सारी वस्ती एकमेकाच्या तोंडाकडं पाहून गप. न् ते बिचारी खाली आयकत असन, कोणी रडते काय."

उकंडाला वाटलं, आता तरी. आता कोणाची मनाई नाही हे कळलं, दोन माणसं समोर आहेत, आपली, तीही रडायला आलेली. आता तरी होईल. त्याने वाट पाहिली. तीही दोघं वाट पाहत असावीत. भाकरीच्या फडक्यावर एक मुंगी चढत होती, ती त्याला फार स्पष्ट दिसत होती.

भीमराजने वहाणा पायात घातल्या. जाताना वळला. "मामा, मी मना करत नाही. मना केली, असं पुन्हा कोणी मनाले नको. तुमचं तुमी पाहा."

तो गेला, आणि उकंडा घाबरला. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. वस्तीच्या बाहेर टाकीन म्हणाला असता, तर नेमसिंगकडे जाऊन सांगता आलं असतं, नाही सोडत रे मला. किंवा मग चिडून जाता आलं असतं. तुमचं तुम्ही पाहा. हे आजवर त्याला कोणी म्हटलं नव्हतं. आधी गाव सांगायचं: हे ओढ, तिकडे उभा राहा. मग वस्तीने सांगितलं, आणि ते सांगणं गावाच्या सांगण्याहून किती वेगळं होतं. त्यात आपलाही हात वर होता. तरी सांगणंच ते. घरात तुळसा सांगायची. रानात पाळी सांगायची, आज इकडे, उद्या तिकडे. तो चालत राहिला. चांगला चालला. कोणाचं नुकसान केलं नाही.

ऊन कलल्यावर त्याने मोऱ्याला सोडलं. पाणी पाजायला. नाल्याच्या डोहात अजून गुडघाभर पाणी होतं. वस्तीतून जाताना दारादारांतून माणसं बघत होती. बघत नसल्यासारखी. निंबापाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की खांद्यावर दोर आहे, वखराचा जाड दोर, खुंटीवरचा. पाणी पाजायला दोर लागत नाही. केव्हा काढला तो? परत ठेवायला जावं तर पुन्हा सगळ्या दारांवरून जावं लागलं असतं. तो तसाच पुढे गेला.

डोहाशी मोऱ्या थांबला. पाण्याला तोंड लावीना. पलीकडे, चढावर, नेमसिंगचं रान सगळं दिसत होतं. धुऱ्याशी नेमसिंग कमरेपर्यंत खड्ड्यात उभा होता. कुदळ वर जायची, खाली यायची, आणि आवाज जरा उशिरा पोचायचा... कोरडा, खणखणता. मुरूम लागला. त्या रानात वीतभर मातीखाली मुरूम आहे हे उकंडाला त्याच्याइतकंच ठाऊक होतं, वखर तिथे नेहमी उड्या मारायचा. एकट्याने हा खड्डा पुरा होणार नाही. झालाच तर चांद्या त्यात जाणार नाही. चांद्या खालच्या अंगाला होता, धसकटांत, पांढरा ढीग, पाय ताठ, एका बाजूला. वर घारी. तांड्याच्या उंचवट्यावर काही माणसं बसली होती, चिलीम ओढत असावीत, नेमसिंगकडे बघत. बिजलीबाई एकटी धुऱ्यापर्यंत आली होती, डोक्यावरची घागर उतरवून पदराने वारा घेत बसली होती. मागे, निंबाखाली, वस्तीची माणसं. उकंडाने वळून पाहिलं नाही, पण पाठीला कळत होतं. त्या बाजूने त्यांनी नेमसिंगला एकटं सोडलं होतं, या बाजूने यांनी मला मोकळं सोडलं होतं, आणि मध्ये एवढंसं पाणी.

तुळसाला विचारलं असतं. एवढं सरळ होतं ते. चुलीपुढे बसलो असतो, ती भाकरी थापत असती, आणि मी काही न विचारता ती म्हणाली असती, जा. किंवा म्हणाली असती, नका जाऊ. जे म्हणाली असती ते बरोबर असतं असं नाही. पण मग मी उठलो असतो. तिचं काय म्हणणं पडलं असतं? मोळ्या वाहून वाहून तिच्या डोक्यावरचे केस गेले होते मधोमध. ती म्हणाली असती, माझे केस काय फुकट गेले? आणि चांद्याला घंगाळातून पाणी पाजणारीही तीच. ती म्हणाली असती... मी तिचा आवाज आठवून पाहिला. "जा," असा आठवला. "नका जाऊ," असा आठवला. दोन्ही वेळा तो माझाच आवाज होता. पुन्हा पाहिलं. पुन्हा माझाच. जुनी बोलणी होती तिची, भाऊजींना मारलेले टोमणे, बैलांचं ते बोलणं, ती सगळी जशीच्या तशी होती. पण आज, या गोष्टीवर, ती काहीच म्हणत नव्हती. म्हणणार नव्हती. यापुढे कशावरच नाही.

मग राग आला. पहिला कोणाचा आला ते सांगता येणार नाही. नेमसिंगचा, मनगटाला कासरा गुंडाळून हात जोडणाऱ्याचा. काय झालं असतं चार पावलं पुढे आला असता तर? भीमराजचा, मना न करणाऱ्याचा. चांद्याचा. एवढा समजदार म्हणे, आणि फुटवे खाल्ले. मोऱ्याचा, उभ्या असलेल्याचा. आणि तुळसाचा, सगळ्यांत जास्त तुळसाचा, की तिने आधी जावं आणि हे सगळं माझ्यावर टाकून जावं, ज्याला ती ओळखत होती, ज्याला एकट्याने काहीच येत नाही हे तिला ठाऊक होतं. मरायची काय घाई होती? पोरीशी शेवटचं बोलायलासुद्धा थांबली नाहीस. छाती दुखायला लागली. खरोखरची, जागा दाखवता येईल अशी, डावीकडे, खोल. मी खांद्यावरचा दोर घट्ट धरला, काहीतरी धरायला हवं होतं म्हणून.

कुदळीचा आवाज थांबला. नेमसिंग खड्ड्यात उभा राहून इकडे बघत असेल. निंबाखालचेही बघत असतील. मी कोणाकडे पाहिलं नाही. तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून जो आवाज निघाला त्याने मोऱ्या दचकून बाजूला सरला, पाणी हललं. असा आवाज मी आधी कधी काढला नव्हता. पुन्हा आला. हे रडणं होतं की काय होतं, मला कळेना. आजूबाजूला दुसरं कोणी रडत नव्हतं, की त्याच्याकडे बघून ओळखावं.